टिकटिक थांबेपर्यंत

ती. दादा,

तीर्थरूप सवयीनं लिहिलंय, फार मनावर घेऊ नकोस.

अप्पांची जुनी इटालियन गाडी सुरूच होत नाही, म्हणून शनिवारी तू ती भंगारात काढतोयस, असं वहिनी म्हणाली. "हिला कोण विचारतंय? ना धड शर्यतीची, ना धड घरची," हे तुझं मत. अरे शहाण्या, चौघांना घेऊन दिवसभर भरधाव पळायचं आणि उतरताना कुणाची पाठ दुखू द्यायची नाही, यासाठीच ती बनली होती. तू तिचा चॉकलेटी रंग खरवडून तिला लालभडक केलीस. इटालियन म्हणजे लाल, एवढीच तुझी अक्कल!

तीन मेकॅनिक झाले म्हणे. बहीण गॅरेज चालवते, पण तिला विचारलं असतं तर तुझं नाक कापलं गेलं असतं.

गाडीत बिघाड नाहीच. किल्ली अर्धी फिरवली की मागे पेट्रोलचा पंप टिकटिक करतो. कार्बुरेटर भरला की टिकटिक थांबते. मग अॅक्सिलरेटर दोनदा दाबायचा आणि स्टार्टर मारायचा. तू बूड टेकताक्षणी स्टार्टर मारतोस आणि बॅटरी उतरवून बसतोस.

अप्पा रोज थांबायचे. तुला कसं कळणार? पुढे बसायचा मान कायम तुझा. टिकटिक माझ्या सीटखालून यायची.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. शनिवारी येणारा भंगारवाला मीच पाठवलाय, माझ्या गॅरेजमधून. गाडी ढकलायला तेवढा हात लाव.

तुझी,
मागच्या सीटवरची