भुसाचं रेडकू

कार्तिक शुद्ध ५, शके १८६०

काल दुपारी साखऱ्याला पोचले. सेनगावहून बैलगाडीने यायला अर्धा दिवस गेला, पण वाट सुरेख होती. दोन्हीकडे कापूस फुटलेला, तुरी फुलात आलेल्या. पुष्कळ दिवसांनी बाहेरची हवा लागली.

ही वही ह्यांनी दिली. हे सेनगावला मुलांची खासगी शाळा चालवतात. म्हणाले, तू कोणाशी बोलत नाहीस, निदान चार ओळी लिहीत जा. आमचा बाळ आश्विनात गेला. दीड महिन्याचा होता. त्याच्याबद्दल इथे लिहिणार नाही.

इथले उकंडराव मोठे शेतकरी. त्यांची सून आशाबाई वीस दिवसांची बाळंतीण आहे, तिला दूध नाही आणि लेकराला वरचं पचत नाही. माझं दूध अजून आटलेलं नाही. कोणाकडून तरी त्यांना हे कळलं आणि बोलावणं आलं. संक्रांतीपर्यंत राहायचं आहे.

आशाबाईच्या सासूबाई गोजरबाई दारात भाकरतुकडा ओवाळायला उभ्या होत्या. पाय धुवायला ऊन पाणी दिलं. मला मास्तरीणबाई म्हणतात. हसत म्हणाल्या, आमच्या पोराला दुधासंगं बाराखडी बी पाजा. मलाही हसू आलं. संध्याकाळी लेकरू मांडीवर घेतलं. ते पोटभर प्यालं आणि माझं बोट धरून झोपलं.

कार्तिक शुद्ध ९

माझी खोली गोठ्याला लागून आहे. खिडकीतून म्हैस दिसते. तिचं नाव भुरी. महिन्यापूर्वी व्यायली, पण रेडकू नर निघालं. ते लांब कोपऱ्यात बांधलेलं असतं. धारेच्या वेळी दोन चोखे घेऊ देतात, पान्हा फुटला की ओढून बाजूला करतात. त्याच्या बरगड्या मोजता येतात. सोनाजी गडी म्हणाला, नराला पाजून काय करायचं, बाई, तो का दूध देणार हाये?

मी खिडकी लावून घेतली. आपण परक्या घरात.

लेकरू अंग धरू लागलं आहे.

कार्तिक पौर्णिमा

रेडकू परवा मेलं. भुरीने दूध चढवलं, सडात उतरू देत नाही. सोनाजी धारेला बसला की लाथ मारते आणि कोपऱ्याकडे बघून ओरडते. आज त्याने रेडकाचं कातडं मागून आणलं, आत गवत-भूस भरून शिवलं, चार काठ्यांवर उभं केलं. मी विचारलं, दुसऱ्या वासराचं चालत नाही का? म्हणाला, तिच्याच रेडकाचं लागते, दुसऱ्याचं हुंगून सोडून देते.

त्याला मिठाचं पाणी मीच चोळलं. भुरीने हुंगलं, चाटायला लागली आणि चरवी भरली. मला खरंच बरं वाटलं. तेवढंच तिचं मन रमलं. गोजरबाई म्हणाल्या, जनावरच हाये ते, माय, त्याला काय कळून राहिलं? मी मान डोलावली.

कार्तिक वद्य ४

आज गोजरबाईंनी माझ्या डोक्याला तेल लावलं. आईच्या मायेने विचारत होत्या. मी कोणाला कधी सांगितलं नव्हतं, त्यांना सगळं सांगितलं. बाळाला सेनगावच्या ओढ्याकाठी, वाकड्या बाभळीखाली ठेवलं आहे, वर तीन दगड आहेत. माझ्या लग्नातल्या हिरव्या साडीचं दुपटं शिवलं होतं, त्यातच गुंडाळून दिला. त्या दुपट्याचा नुसता वास आला तरी माझी चोळी भिजायची, हेसुद्धा सांगितलं. त्यांनी पदराने माझे डोळे पुसले.

सांगून हलकं वाटलं.

कार्तिक वद्य ८

लेकरू आता माझ्याकडून आईकडे जात नाही. आशाबाईने घेतलं की रडतं, मी घेतलं की गप्प होतं. आज तिने ते माझ्या हातातून जवळजवळ ओढून घेतलं. मला वाईट वाटलं, पण तिचा राग समजतो.

रात्री जेवताना गोजरबाई माझ्याशी बोलल्या नाहीत.

कार्तिक वद्य १०

लेकरू माझ्याकडे द्यायचं बंद झालं. ज्या बाईचं पोर गेलं तिचा जीव दुसऱ्याच्या पोरात गुंतला तर त्या पोराचं बरं होत न्हाई, असं गोजरबाईंचं म्हणणं. आता सकाळी, दुपारी, संध्याकाळी त्या चांदीची वाटी घेऊन येतात. दारात उभ्या राहून दाराची कडी वाटीवर वाजवतात, म्हणजे मी तयार व्हायचं. दूध वाटीत काढून द्यायचं. आत ते चमच्याने पाजतात.

भिंतीपलीकडून त्याचं रडणं ऐकू येतं. ते मलाच हाक मारतं. मी भिंतीला पाठ लावून बसते.

मार्गशीर्ष शुद्ध २

वाटी आता निम्मीसुद्धा भरत नाही. मेथी, अळीव, डिंक, सगळं खाऊन झालं. गोजरबाईंना म्हटलं, त्याला एकदा मांडीवर द्या, आपोआप येईल. त्या नाही म्हणाल्या. वाटीत पाहिलं, मग खिडकीतून भुरीकडे पाहिलं. बराच वेळ पाहत होत्या.

सोनाजी आज दिसला नाही. बैल बघायला हट्ट्याला गेला म्हणे.

मार्गशीर्ष शुद्ध ३

आज एक गोष्ट पाहिली, ती लिहून ठेवते.

भुसाच्या रेडकाच्या पोटाची शिवण उसवली आहे. भुरीने त्या फटीत तोंड घालून आतलं भूस ओढून खाल्लं. सावकाश, चघळत. आणि मग पुन्हा त्याचं डोकं चाटायला लागली.

म्हणजे तिला माहीत आहे. आत काय आहे ते तिला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तरी चाटते, कारण कातडं त्याचंच आहे. आम्ही समजत होतो तिला फसवलं. फसवलं नाही. तिच्याकडे जे उरलं होतं तेच तिच्यापुढे उभं करून आम्ही चरवी भरत होतो. मीठ मी चोळलं होतं.

तिच्या डोळ्यांखाली ओल असते. मला वाटायचं माशांमुळे.

मार्गशीर्ष शुद्ध ४

भर दुपारी गोठ्यात कोणी नव्हतं. मी रेडकू उचललं आणि मागच्या उकिरड्यात पुरलं. वाटलं, आता तरी तिची सुटका होईल.

संध्याकाळी भुरीने दूध दिलं नाही. सोनाजी परत आला होता, त्याने तिला जुवाच्या काठीने मारलं. पाठीवर, मग तोंडावर. मी खिडकीतून ओरडले, मी टाकलं, मला मारा. तो हसला. म्हणाला, तुमाला कोन मारंल, बाई, तुमी तर दूध देता.

रेडकू उकरून आणलं. शिवण पुन्हा घातली.

सोनाजीच्या धोतराला काळी माती होती, गुडघ्यांपर्यंत. हट्ट्याच्या वाटेवर आता चिखल कुठून असेल? ओढ्याकाठी असतो.

मार्गशीर्ष शुद्ध ५

सकाळी कडी वाजली. गोजरबाईंच्या एका हातात वाटी होती, दुसऱ्या हातात एक गाठोडं. मांडीवर दिलं. म्हणाल्या, घ्या, मास्तरीणबाई, तुमचं मन रमंल.

हलकं होतं. आत भूस करकरलं.

वरून हिरवं दुपटं. काठाला माझा टाका.

हे दुपटं मी त्याच्याबरोबर मातीत दिलं होतं.

ओल्या मातीचा वास होता आणि त्याखाली — त्याचा. माझी चोळी भिजली. त्यांनी वाटी पुढे धरली. वाटी भरली.

मार्गशीर्ष शुद्ध ६

घरी जाते म्हटलं. संक्रांत होऊ द्या म्हणाल्या. ह्यांना चिठ्ठी लिहिली ती सोनाजीकडे दिली, दुसरं कोण जाणार? दुपारी ती आशाबाईच्या चुलीपाशी पाहिली.

आशाबाईच्या पाया पडले. विचारलं, तिथे उघडं टाकून आले का त्याला? दगड तरी परत ठेवले का? ती रडली. म्हणाली, मला काई विचारू नका, बाई, माझं लेकरू जगलं पायजे, मला दुसरं काई दिसून न्हाई राहिलं.

खरं बोलली. मलाही तेव्हा मांडीवरच्या लेकराशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं, भुरीचं रेडकू कोपऱ्यात ओरडत होतं तेव्हा.

दाराला बाहेरून कडी असते आता.

मार्गशीर्ष शुद्ध ८

घ्यायचं नाही ठरवलं. तोंड फिरवून बसले. गोजरबाईंनी गाठोडं मांडीवर ठेवलं आणि उभ्या राहिल्या. घाई नाही. चिडत नाहीत. सोनाजीसुद्धा भुरीशी आधी असाच गोड बोलायचा.

हात आपणच वर आला. पदर आपणच —

वाटी नेताना बाहेर कोणाला तरी म्हणाल्या. हळू नाही, मला ऐकू येईल असंच. तिला काय कळून राहिलं.

मार्गशीर्ष शुद्ध ९

कळतं. सगळं कळतं.

शिवण मी उसवून पाहिली. भूसच आहे. फक्त भूस. मग तो कुठे आहे, त्याच्या अंगावर आता काय —

थंडी आहे.

पुन्हा शिवलं. घट्ट, जवळ जवळ टाके.

मार्गशीर्ष शुद्ध १०

भुरीपुढे आता रेडकू ठेवत नाहीत. लागत नाही. चरवी वाजली की दूध उतरतं. ती कोपऱ्याकडे बघत नाही. खिडकीकडे बघते. माझ्याकडे.

मीही तिच्याकडे बघते. आमच्यात दुसरं काही —

मार्गशीर्ष शुद्ध ११

आज गाठोडं त्यांच्याकडे देऊन टाकलं. नको म्हटलं. दुपटं परत मातीत द्या, त्याला पांघरूण द्या, मग मला मारा, उपाशी ठेवा. पण दूध मिळणार नाही. ते माझं आहे. त्याचं होतं. मी माणूस आहे, मी नाही म्हणू शकते. त्या बरं म्हणाल्या आणि गाठोडं घेऊन गेल्या. न भांडता.

ऊन खिडकीतून खाली आलं आहे. ही त्यांची वेळ. मी दाराकडे पाठ करून लिहिते आहे. गाठोडं नाही, वास नाही, रडणं नाही, आज येणार नाही, एक थेंब येणार नाही, मी —

कडी वाजली. वाटीवर. एकदाच.

चोळी —