वास न येणारा शंख

३ जून
शंखशिंपल्यांच्या संग्रहालयात आज रुजू झालो. पन्नाशीला टेकल्यावर नोकरी मिळणं म्हणजे टकलाला फणी मिळणं. पण फणी छान आहे. खोलीत वारा येतो आणि तिकीट खिडकीतल्या मावशी स्वतःच्या डब्यातलं बळेच खायला लावतात. काम सोपं: ओल्या गोणपाटातून आलेले शंख उकळायचे, आतलं मांस काढायचं, पुसून मांडायचे. साहेबांनी बजावलं, एकही शंख उकळल्याशिवाय बाहेर जाता कामा नये.

५ जून
आज शंकूसारखा निमुळता एक शंख निघाला. पांढऱ्यावर तपकिरी जाळी, जणू कुणी फुरसतीत विणलेली. बाकीचे नाक धरायला लावत होते; याला वासच नाही. म्हणजे आत काही नाही, असा सुज्ञ निष्कर्ष काढून मी उकळायचा कंटाळा केला. मावशींना तो फार आवडला. देऊन टाकला. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र!

६ जून
मावशी गेल्या. काल घरी जाताना, बसमध्येच. मूठ मिटलेली होती म्हणे. डॉक्टर म्हणाले, हृदय. सगळे म्हणाले, हृदय. मीही मान डोलावली.
मग माहितीची पाटी लिहायला पुस्तक उघडलं, तर तोच शंख. आतली गोगलगाय सुईसारखा दात मारते. कळतही नाही. विषाला उतारा नाही.
वास मेलेल्याला येतो. जिवंताला कशाला येईल?

८ जून
मावशींची मुलगी आली होती. आईच्या मुठीतला शंख तिने काचेच्या वाडग्यात, समुद्राचं पाणी आणून ठेवलाय. रंग खुलतो म्हणाली. सकाळी त्याने जागा बदललेली असते. आईचा जीव अडकलाय, असं तिला वाटतं. रोज पाण्यात हात घालून कुरवाळते.
मी तोंड उघडलं. चहा घेणार का, असं विचारलं.

९ जून
झोप नाही. सांगितलं तर नोकरी जाईल, कदाचित तुरुंग— न सांगितलं तर ती—
उद्या. नक्की उद्या.

१० जून
गेलो. दोघीही जिवंत होत्या, मुलगी आणि गोगलगाय. साहेबांनी शंख परत मागितलाय, असं ठोकून दिलं. खरं ओठांपर्यंत आलं— गिळलं. ती रडली. वर माझेच आभार मानले.
शंख जाड टोकाकडून धरला, तिकडून धोका नसतो— रुमालात गुंडाळून खिशात. आता संग्रहालयात. पातेल्यात पाणी तापतंय.

थोड्या वेळाने
ओठ बधिर. दुखलं काहीच नाही. रुमालातून— मांडीवर टाचणीएवढा ठिपका—
हाक मारली. आवाज फुटेना. पेन निसटतंय—
तिला वाटेल, आईनेच मला— नाही. पोरी, तुझ्या आईचं हृदय ठणठणीत होतं. तो शंख मी