फियाटच्या विम्यापायी

आमली, सिल्व्हासा
२० नोव्हेंबर १९९४

तीर्थरूप सदाशिव दाजींच्या पायांवर बारकूचे डोके.

इकडे माझी तब्येत ठीक आहे. तुमचा खोकला गेला का? कावेरीताईला सांगावे की तिची ज्वारीची बिबडी पोचली (दोन मोडली होती, पण ती एस.टी.त मोडली असतील, तिचा दोष नाही).

गाडीचे तुम्ही विचारले होते. मारुती घेतली नाही. इथले विमा एजंट ललितभाई म्हणाले, "बारकू, नव्या मारुतीचा विमा शेठ लोकांना परवडे. जुवान पोराला जुनी फियाट सारी, एकदम बरी. पळणारच नाही, तर आपटणार कुठे?" म्हणून आमच्या कारखान्यातले अविनाश साहेब पुण्याला परत गेले, तेव्हा त्यांची फियाट घेतली. विमा थर्ड पार्टीचा काढला. त्यात समोरच्याचे नुकसान कंपनी भरते, आपले आपण सोसायचे. स्वस्त पडतो. मात्र ललितभाईंनी ताकीद दिली की खाजगी गाडीत भाड्याची माणसे बसवली तर विमा गेला. घरची माणसे चालतात. दाजी, ही ताकीद माझ्या डोक्यात फार खोल बसली (गाडीत बसलो की आधी ती आठवते, मग ब्रेक).

शेजारच्या खोलीत आबा आणि त्यांची मुलगी मालती राहतात. आबा आमच्याच गलोंड्याच्या कारखान्यात वॉचमन, मालती पॅकिंगला. मी दोघांना रोज गाडीतून नेऊ लागलो (एक पैसा न घेता). खरे सांगायचे तर गाडी घेतली ती त्यासाठीच. दिवाळीनंतर तुम्ही आणि ताईने येऊन आबांकडे माझ्यासाठी शब्द टाकावा, असे मनात होते.

श्रावण लागला तेव्हा नाक्यावर पोलिसाने गाडी थांबवली. कागद पाहिले आणि आत वाकून म्हणाला, "ही कोण? पॅसेंजर भरतोस काय?" मालती "शेजारी..." म्हणते तोवर मी मोठ्याने सांगितले, "बहीण आहे, साहेब."

"सख्खी?"

"सख्खी!"

मागे बसलेल्या आबांचे डोळे भरून आले. त्यांना मुलगा नाही.

पुढे गलोंडा आला. उतरताना मालतीने हळूच विचारले, "खरंच बहीण मानता?" दाजी, बोलायचे ते तेव्हाच होते. मी म्हणालो, "विम्याच्या दृष्टीने तेच बरं." तिने गाडीचे दार धाडकन लावले आणि आत गेली (मला वाटले, मुद्दा पटला).

राखीपौर्णिमेला ती ओवाळणीचे ताट घेऊन दारात उभी. मी हात मागे घेतला, तर म्हणाली, "पोलिसाला सख्खी सांगताना जीभ अडली नाही, आता हात का अडतो, दादा?" सगळी चाळ हसली. राखी बांधली गेली.

असो. गाडी उत्तम चालते. तरुण मुलाला फियाटच बरी, हे माझे मत कायम आहे.

आपला आज्ञाधारक,
बारकू

ता. क. मालतीचे लग्न ठरले. मुलगा वापीला असतो, स्वभावाने चांगला आहे (मी चौकशी केली; भावाला करावी लागते).

आणखी ता. क. कानपिळीला नवरीचा भाऊ म्हणून आबांनी मलाच उभे केले आहे. तुमच्या लग्नात तुमचा कान मीच पिळला होता, पण तेव्हा मी लहान होतो. पत्र लिहिण्याचे कारण एवढेच, की तेव्हा दुखले होते का, ते खरे कळवावे. दुखले नसेल, तर कुठे धरला असता म्हणजे दुखला असता, तेही लिहावे.