एक्क्याण्णव दाते

४ मार्च
कागद कारखान्यासाठीच्या चाकांची जोडी ठरली. मोठ्या चाकाला ९१ दाते, लहानाला २६. दोन्ही संख्यांना सामाईक भाजक नको – म्हणजे लहान चाकाचा प्रत्येक दाता मोठ्याच्या प्रत्येक दात्याला भेटतो आणि झीज सगळ्यांत वाटली जाते. ९१ मूळ संख्या आहे का, ते तपासलं. तीनचा नव्वदावा घात घेऊन ९१ने भागला, बाकी एक. मूळ संख्या अशीच वागते. आराखडा खाली वर्कशॉपमध्ये मिस्त्रींकडे पाठवला.

५ मार्च
मिस्त्री आराखडा घेऊन जिना चढून आले. "बाई, दोन मिनिटं?" मी फोनवर होते. खुणेनंच म्हटलं, नंतर. "नंतरला पाय नसतात, बाई," म्हणून हसले आणि उतरले.

६ मार्च
चाकं कापायला घेतली.

१९ मे
कागद कारखान्यातून दोन्ही चाकं परत आली. दोन महिन्यांत खडखडाट. मालक सगळ्यांसमोर म्हणाले, "मिस्त्री, हात थरथरायला लागलाय तुमचा. दाते बघा, कुणी कुरतडल्यासारखे." मिस्त्री हातातल्या आराखड्याची घडी घालत राहिले. "असेल, साहेब. वय झालं." एकतीस तारखेनंतर त्यांनी घरी बसायचं. चौतीस वर्षं झाली त्यांना इथे.
मी शेजारीच उभी होते. माझा आराखडा बरोबर होता, त्यामुळे बोलायचं काही कारण नव्हतं.

२० मे
मोजलं. मोठ्या चाकाचे खराब दाते सात. प्रत्येक वेळी तेरावा. थरथरणारा हात इतका शिस्तीत चुकत नाही.
लहान चाकाच्या एका दात्याला बारीक खरवड आहे. इतकी खरवड कुठल्याही चाकाला असते. ती एक्क्याण्णव दात्यांत वाटली जायला हवी होती. त्याच सातांना भेटत राहिली.
२६ म्हणजे तेरा दुणे. आणि ९१ – तीसपर्यंतचे पाढे पाठ होते मला.

२१ मे
९१ म्हणजे एक ते तेराची बेरीज. एक ते सहाच्या वर्गांचीही बेरीज. आणि मूळ नसताना तीनच्या कसोटीला उतरणारी सगळ्यांत लहान संख्या. तीनऐवजी दोन घेतला असता, तर बाकी चौसष्ट आली असती. लगेच सापडली असती.
आई म्हणाली, "जेवतेस की शितं मोजतेस?" काही नाही म्हटलं. "जन्मली तीच तोंडाला कुलूप लावून."

२२ मे
माझी नोकरी कायम होते की नाही, तेही एकतीसलाच ठरणार आहे. मिस्त्रींची आणि माझी तारीख एकच. हे लिहून ठेवते, कारण आज दुपारपर्यंत गप्प राहिले त्याचं कारण हेच होतं. दुसरं कुठलं नाही.
मालकांची उद्या दहाची वेळ घेतली आहे.

२३ मे, सकाळी
मालकांना दाखवायला खालच्या कपाटातून मिस्त्रींकडची प्रत काढली. एकोणीस तारखेला त्यांच्या हातात होती तीच. चार घड्या. मागच्या बाजूला पेन्सिलीनं, त्यांच्या अक्षरात:
"तेरा साते ९१. तेरा दुणे २६. चालेल का? बाईंना विचारणे. ५/३"
त्याखाली: "विचारलं. नंतर म्हणाल्या."