पायवाटेवरचं संत्रं

५ ऑगस्ट, सोमवार
पावावर पन्नास टक्के सूट! सुपरमार्केटमधला तो स्टिकर लावणारा माणूस साडेसातला येतो. मी आपली निरागस चेहऱ्याने त्याच्या मागे मागे. आज दोन पाव आणि एक दही. आई फोनवर, "उपाशी नको राहूस गं." अगं, मी आणि उपाशी? चिंचवडला खात नव्हते एवढं खाते इथे परदेशात!

७ ऑगस्ट
एजंट एक जोडपं घेऊन आला माझी खोली बघायला! त्यातल्या बाईने माझं कपाट चक्क टेपने मोजलं. माझे कपडे आत असताना!
आंटी त्यांना स्वयंपाकघर दाखवायला घेऊन गेली. आंटी म्हणजे मिसेस लिम, माझी घरमालकीण. वय त्र्याहत्तर, फ्लॅटमध्ये ती आणि मी दोघीच. माझं कॉन्ट्रॅक्ट ३१ तारखेला संपतंय. एवढ्या भाड्यात आमच्या अख्ख्या बेडोक भागात दुसरी खोली नाही, शोधून झालंय. ही गेली तर पुढचं सेमिस्टर गेलं. बाबांना आणखी कर्ज काढायला मी सांगणार नाही. बस. लिहून टाकलं, आता अभ्यास.

८ ऑगस्ट
बाथरूम लखलखीत घासलं. लाच म्हणा हवं तर.

११ ऑगस्ट, रविवार
आज काय केलंय मी, देवा!
दुपारी परत येताना आमच्या इमारतीखाली पायवाटेच्या कडेला पूजा मांडलेली. उदबत्त्या, संत्री, गुलाबी केक, इवल्याशा कपात चहा. आसपास कुणी नाही. आता नैवेद्य दाखवून झाला की प्रसादच ना? चपला काढल्या, नमस्कार केला, एक संत्रं उचलून कपाळाला लावलं आणि लिफ्टमध्येच सोललं. काय गोड! फुकट ते पौष्टिक.
वर तोंड करून आंटीला विचारते काय, "खाली प्रसाद आहे, तुमच्यासाठी आणू?"
आंटीच्या हातातला चमचाच पडला. "यू ईट?! आय्यो!"
चिनी सातवा महिना चालू आहे म्हणे. भुतं मोकळी सुटतात. ज्यांच्यामागे पान ठेवायला कुणी उरलेलं नाही, ती महिनाभर उपाशी फिरतात. ते ताट त्यांचं. आणि मी त्यातलं खाल्लं!

१२ ऑगस्ट
आंटी सकाळी माझ्या दारात उदबत्ती लावून गेली.
अमेयदादाला फोन केला (मावसभाऊ, इथेच जवळ टॅम्पिनीसला असतो). आधी ठसका लागेपर्यंत हसला. "भुताच्या तोंडचा घास काढलास!" मग म्हणाला, "क्षिप्रा, या लोकांत हे फार मानतात. म्हातारी घाबरली असेल, जाऊन माफी माग." खोली गेलीच समजायची. एका संत्र्यापायी! खादाड कुठली!

१३ ऑगस्ट
सहा संत्री घेतली. स्टिकर नसलेली, पूर्ण किमतीची! आंटीला म्हटलं, मला येत नाही, तुम्ही दाखवा. तिने संत्री दाबून पाहिली. मग चपला घालून खाली आली. मी संत्री मांडली, तिने उदबत्त्या लावल्या. मी मराठीतूनच म्हटलं, चुकलं माझं, पोटभर खा.
वर येताना तिला आमचा पितृपक्ष सांगितला. पान ठेवायचं, कावळ्याने शिवायचं. आजोबांच्या दहाव्याला कावळा शिवेचना. तासभर सगळे ताटकळले. शेवटी बाबा मोठ्याने म्हणाले, "क्षिप्राला हवं तेवढं शिकवेन!" आणि आला की पठ्ठ्या! आंटी थांबलीच. "युअर क्रो सो फसी, आह?" कावळा भारी नखरेल म्हणे! आणि हसली! हुश्श!

१६ ऑगस्ट
एजंटचा फोन येऊन गेला. आंटी चिनीत बोलली, काही कळलं नाही. अभ्यास शून्य.

१८ ऑगस्ट, रविवार
आज आंटीने घरात नवऱ्यासाठी पान मांडलं. फोटोपुढे नूडल्स, टोफू, भात, सिगारेटचं पाकीटसुद्धा! उदबत्ती विझल्यावर मला हाक मारली. "धिस वन कॅन ईट." म्हणजे घरच्या माणसाचं ताट आपण जेवायचं, फक्त बाहेरचं नाही. माझ्यासाठी सगळं शाकाहारी केलं होतं. तीन वेळा वाढून घेतलं.
मुलाचा विषय निघाला. दूर पर्थला असतो, विमानाने पाच तासांवर. तो आता चर्चला जातो, हे काही करत नाही. "गुड बॉय," आंटी म्हणाली. "बिझी."

२४ ऑगस्ट, शनिवार
मिळाली! खोली मिळाली! दोन वर्षं, तेच भाडं! एजंटला तिने त्या दिवशी फोनवरच 'नाही' म्हणून सांगितलं होतं म्हणे. आणि मी इकडे आठ दिवस झुरतेय! आईला फोन केला, ती रडली, मग मीही. उद्या सही.

२५ ऑगस्ट
सही केली. कागद घडी करता करता, माझ्याकडे न बघता, आंटी म्हणाली, "माय सन वोंट पुट फूड फॉर मी. आय डाय, यू पुट. वन टाइम एव्हरी इयर, इनफ. कॅन?"
मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, "कॅन, आंटी."
"गुड," म्हणाली, आणि भात लावायला गेली.