मूल एकही नाही

मोठे साहेब झालेल्या कॅसियानोदादास,

रात्रपाळीवाल्यांची पोरं सांभाळणाऱ्या घरांना सरकारनं अनुदान द्यायचं ठरवलं, आणि पाहणीला आपल्या सेबू शहरभर फिरायचा मान माझ्या सख्ख्या चुलतभावाला मिळाला. धन्य ते सरकार!

माझ्या पाळणाघरी तू आलास तो भर सकाळी. दार बंद, मी आत झोपलेली. कॉल सेंटरातल्या आया पहाटेच पोरं घेऊन घरी जातात, एवढंही तुला ठाऊक नव्हतं? मी डोळे चोळत म्हटलं, "दादा, रात्री ये ना." तर तू म्हणालास, "लुझ, आमचं ऑफिस पाचला सुटतं. रात्रीची पाहणी नियमात बसत नाही." आणि शेरा मारलास: केंद्र बंद, मूल एकही नाही. वर माझ्या वाटणीच्या शेवया चापून गेलास, ताटलीसुद्धा उचलली नाहीस.

अनुदान गेलं खड्ड्यात. तुझ्या अकलेला कुणी अनुदान देतं का, ते बघ आधी.

हे पत्र मी टाकणार नाही. तुझ्या जोव्हेलिननं मला गळ घातलीय, "आत्या, बाबांना सांगू नकोस, ते मला रात्रपाळी सोडायला लावतील." तुला वाटतं, ती बाळाला सासूकडे ठेवते.

तर साहेब, मूल एकही नाही ना? मग तुझंच चपटं नाक घेऊन आत्ता माझ्या मांडीवर घोरतंय, ते काय आहे?

तुझ्या नातवाची रात्रीची आजी,
लुझविमिंडा