पिचकारीचं पिस्तूल

अप्पा,

आज विष्णुपुरीला, मी शिकवते त्या कॉलेजात, मुलांनी गॅदरिंगच्या नाटकासाठी एक खेळण्यातलं पिस्तूल माझ्या टेबलावर आणून ठेवलं. चाप दाबला की निळा उजेड पडला पाहिजे, मॅडम, तेवढं वायरिंग बघून द्या, म्हणाले. मी स्क्रू काढले, एलईडी कुठे बसेल ते दाखवलं आणि मग हात थांबले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी घरी आल्यावर स्वयंपाकाला न लागता हे लिहायला बसले.

तेव्हा लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. ऑफिसांच्या पाट्या नव्या कोऱ्या, आणि नळ कोरडे. तुमच्या बांगड्या-खेळण्यांच्या दुकानात प्लास्टिकच्या पिचकाऱ्यांचं खोकं तसंच पडून होतं. प्यायला पाणी नाही तिथं पिचकारी कोण घेणार? आमच्या शाळेच्या नाटकात परग्रहावरून आलेली बाई मी होते आणि मला प्रकाश फेकणारी बंदूक हवी होती. तुम्ही खोक्यातली पिस्तुलासारखी एक पिचकारी काढून दिलीत. "घे. खराब झाली तरी चालती," म्हणालात. तापवलेल्या सुरीनं मी तिचे दोन भाग उकलले, आतला पंप काढून सेल बसवले, तुटक्या बॅटरीची काच आणि बल्ब नळीच्या तोंडाशी लावला, काचेवर लाल जिलेटिन कागद चिकटवला. चापामागं पितळेची पट्टी होती. चाप दाबला की ती सेलला टेकायची आणि दिवा लागायचा. तान्ह्या बाळांच्या बांगड्या तुम्ही स्वतः नळीवर एकेक करून सरकवल्यात. वरून काळा रंग दिला. मला ती खरी दिसायला हवी होती, आणि ती दिसलीही.

दिवेलागणीला रंगीत तालमीहून मी ती हातात घेऊनच परत येत होते. आपल्या गल्लीच्या तोंडाशी टँकर उभा होता. कुणीतरी उठवलं होतं की हे पाणी कलेक्टरसाहेबांच्या नव्या बंगल्यावर चाललंय. लोकांनी टँकर अडवला होता, ड्रायव्हर काच वर करून आत बसला होता, आणि सोबत दिलेला एकटा पोलीस खांद्याला रायफल अडकवून, चाकाला पाठ टेकून उभा. कोवळा पोरगाच तो, ओठ सुकलेले. तुम्ही दुकान बंद करून घागरी घेऊन रांगेत होतात. मी गर्दीतून वाट काढत तुमच्याकडं यायला लागले, तेवढ्यात एक बाई ओरडली, "बंदूक हाय पोरीजवळ!"

माणसं दोन्ही बाजूंना सरकली. मध्ये मी, आणि समोर तो. रायफल खांद्यावरून त्याच्या हातात आलेली.

"खाली टाक ते," तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. मला टाकायचं होतं, अप्पा, पण बोटं उघडेनात.

तुम्ही घागर ठेवलीत आणि चालत आलात. "साहेब, खेळणं हाय. माझ्या दुकानातलं."

"मागं व्हा!"

"होतो. आधी दाखवतो." मग माझ्याकडं न बघता, "आण इकडं. हळू."

माझी बोटं तुम्ही एकेक करून सोडवलीत. पिस्तूल फिरवून नळीचं तोंड वीतभरावरून स्वतःच्या छातीवर धरलंत आणि चाप दाबलात. काहीच झालं नाही. पट्टी सरकली असणार. एक म्हातारा "अरे देवा" म्हणाला. तुम्ही पुन्हा दाबलात.

पांढऱ्या सदऱ्यावर लाल ठिपका उमटला. कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. पोलीस टँकरच्या पायरीवर मटकन बसला आणि त्यानं पाणी मागितलं. तुम्हीच ड्रायव्हरच्या काचेवर टकटक केलीत, "पाणी इथंच सोडा, दादा, म्हंजे सगळेच घरी जातील." त्यानं नळी सोडली. रांग लागली.

घागरी भरून आपण घरी आलो. मग भिंतीला टेकून बसलात आणि म्हणालात, "दिवा लागला तेवढं बास होतं की. खरी कशाला दिसाया पाहिजे?" तुम्ही मला कधी याहून जास्त रागावल्याचं आठवत नाही. दुसऱ्या दिवशी पिवळ्या रंगाचा डबा आणलात. मी रडून गोंधळ घातला, परग्रहावरच्या बाईच्या हातात हळद लावल्यासारखी बंदूक म्हणून. तुम्ही शांतपणे दोन हात दिलेत. नाटकात ती बाहेर काढल्यावर लोक हसलेच, पण दिवा लागला तेव्हा गप्प झाले.

आज मुलांनाही सांगितलं, भडक रंग द्या. का, म्हणून विचारलं तेव्हा तुमची गोष्ट सांगितली. आतापर्यंत कितीजणांना सांगितली असेल. सगळ्यांना तो लाल ठिपकाच आवडतो, म्हणून मी तो नीट रंगवून सांगते, सदऱ्याच्या गुंडीच्या डाव्या बाजूला, एवढासा.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. पहिल्यांदा दिवा लागला नाही ना, तेव्हाच मी डोळे मिटून घेतले होते. लोक हसल्यावर उघडले. ठिपका मी पाहिलेलाच नाही.